चित्रप्रदर्शनाचं मनोगत लिहून देणारा पिटुकला प्रोग्रॅम

कर्वेरोडकर

एका चित्रकार मित्राचं बालगंधर्व कलादालनात प्रदर्शन आहे. चित्रं तयार, फ्रेमा तयार, निमंत्रण व्हॉट्सॲपवर फिरायला लागलंय. घोडं अडलंय ते ब्रोशरमधल्या मनोगतावर. "तू लिहितोस ना, मग तूच खरड" म्हणाला. मी लिहितो तो कोड, म्हणून कोडच लिहिला. त्यातून बाहेर पडलेला पहिला परिच्छेद असा:

"प्रस्तुत चित्रमालिकेत चित्रकार नेणिवेच्या तळाशी असलेल्या आदिम अवकाशाला स्पर्श करू पाहतो. येथे रेषा केवळ रेषा राहत नाही. ती स्मृतीचा पोत होते. रंगांच्या मौनातून उमटणारा हा संवाद प्रेक्षकाला त्याच्याच अस्तित्वाच्या उंबरठ्यावर आणून सोडतो."

मित्राने वाचलं आणि म्हणाला, "झकास. फक्त 'आदिम' काढ, मागच्या वेळी वापरलाय."

आत अक्कल नावाला नाही. वाक्यांचे साचे आहेत, साच्यात गाळलेल्या जागा आहेत, प्रत्येक जागेसाठी बारा-बारा शब्दांची यादी आहे आणि फासे टाकून शब्द उचलले जातात. एका वाक्यात पाच गाळलेल्या जागा धरल्या तर बाराचा पाचवा घात, म्हणजे २,४८,८३२ वाक्यं. पुण्यातल्या झाडून सगळ्या दालनांना पुरून उरतील.

हा उद्योग नवा नाही. १९५२ साली मँचेस्टर विद्यापीठातल्या फेरांटी मार्क १ यंत्रावर ख्रिस्तोफर स्ट्रेची या गृहस्थांनी प्रेमपत्रं लिहिणारा प्रोग्रॅम केला होता. त्या यंत्रात ॲलन ट्युरिंगच्या सूचनेवरून वाटेल तो आकडा काढून देणारी सोय बसवली होती, तिचा फाशासारखा वापर केला. लाडाचं संबोधन, विशेषण, नाम, क्रियापद, सगळं यादीतून. खाली सही 'एम. यू. सी.', म्हणजे मँचेस्टर युनिव्हर्सिटी कॉम्प्युटर! १९५९ मध्ये जर्मनीत थिओ लुट्झ यांनी काफ्काच्या 'द कासल' कादंबरीतून सोळा उद्देश्यं आणि सोळा विधेयं उचलून झेड २२ या यंत्राकडून वाक्यं जुळवून घेतली. माझा प्रोग्रॅम याच खानदानातला, फक्त मराठी बोलतो.

आणि खरी मजा मराठी बोलण्यातच आहे. इंग्रजीत यादीतला शब्द जागेत टाकला की काम झालं. आपल्याकडे 'नेणीव' टाकून भागत नाही, पुढे 'च्या' आलं की 'नेणिवेच्या' व्हावं लागतं. 'रेषा'चं 'रेषेच्या', 'अवकाश'चं 'अवकाशाच्या', 'स्मृती' मात्र आहे तशीच. शिवाय लिंग. रेषा ती, अवकाश तो, मौन ते. 'स्मृतीचा पोत' हवा असताना प्रोग्रॅमने 'स्मृतीची पोत' लिहिलं की वाचणाऱ्याला थेट गळ्यातली पोत दिसायची. म्हणून आता यादीत नुसते शब्द नाहीत. प्रत्येक शब्दासोबत त्याचं लिंग आणि सामान्यरूप नोंदवलंय. कोडपेक्षा व्याकरणकार मोरो केशव दामले जास्त लागले म्हणा ना.

तर मंडळी, शब्द सुचवा. 'अवकाश', 'आदिम', 'अस्तित्व', 'मौन', 'स्पंदन', 'अनाहत' आहेत. आणि चित्रकार मंडळींनी हलके घ्या.

मनमौजी

हाहाहा, फुटलो. 'प्रवास' टाका. प्रत्येक चित्रकाराचा प्रवास चालूच असतो, पोचलेला एकही बघितला नाही.

शनिवारवाडा_उत्तरदरवाजा

'चिंतन', 'आत्मशोध', 'अंतर्नाद'. आणि 'संवेदनशील मनाचा' हे विशेषण आधीच असेल असं गृहीत धरतो. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

गेरू

कर्वेरोडकर, राग आलाय, पण तुमचा नाही.

मी चित्रं काढते. आम्हाला कलामहाविद्यालयात रेखाटन शिकवलं, रंगसंगती शिकवली, कॅनव्हास ताणायला शिकवला. स्वतःच्या चित्राबद्दल चार वाक्यं कशी लिहायची हे कोणी शिकवलं नाही. आणि दालनाचा अर्ज असो, स्पर्धेचा असो, शिष्यवृत्तीचा असो, 'संकल्पना' असा रकाना ठेवलेलाच असतो. चित्राला महिने जातात आणि हा रकाना भरायचा असतो आज संध्याकाळपर्यंत. मग माणूस काय करतो? शेजारच्याने काय लिहिलंय ते बघतो. शेजारच्याने त्याच्या शेजारच्याचं बघितलेलं असतं. तुमच्या बारा शब्दांच्या याद्या आमच्या डोक्यात आधीपासून आहेत, तुम्ही त्या फक्त बाहेर काढल्यात.

पण 'कलेबद्दल लिहिणं म्हणजे असलंच' असा सूर लागणार असेल तर तो मला मान्य नाही. वासुदेव गायतोंडे घ्या. आपल्या चित्रांना ते अमूर्तही म्हणत नसत, 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' म्हणत. स्वतः फारसं बोलतही नसत. तरी त्यांच्याबद्दल नेमकं लिहिता येतंच की: ते रोलर आणि पॅलेट नाइफ वापरायचे, थरावर थर द्यायचे, वर्तमानपत्राचे आणि मासिकांचे कागदाचे तुकडे लावून रंग उचलायचे, म्हणून त्या पृष्ठभागावर रंग ठेवल्यासारखा दिसत नाही, आतून वर आल्यासारखा दिसतो. हे वाक्य उचलून दुसऱ्या चित्रकाराच्या ब्रोशरमध्ये डकवून बघा. बसत नाही. 'नेणिवेच्या तळाशी' कुठेही बसतं, माझ्या चित्रांनासुद्धा.

तुमचा परिच्छेद मी माझ्या गेल्या खेपेच्या मनोगताशेजारी ठेवून बघितला. तपशील देत नाही.

शाईवाला

तुमचा प्रोग्रॅम आमच्याकडे पेजमेकरच्या जमान्यापासून आहे.

नारायण पेठेत प्रेस आहे. प्रदर्शनाची ब्रोशरं, अरंगेत्रमच्या पत्रिका, एकसष्टीचे गौरवअंक, सगळं करतो. चित्रकार येतात, सीडीवर (आता पेनड्राइव्हवर) फोटो आणतात आणि म्हणतात, मजकुराचं तुम्हीच बघा काहीतरी. ऑपरेटर जुनी फाइल उघडतो. नाव बदलतो, गाव बदलतो, 'जलरंग' होतं तिथे 'ॲक्रिलिक' करतो. "स्वतःची वेगळी वाट चोखाळणारा" हे प्रत्येकात तसंच राहतं. वेगळ्या वाटेवर केवढी गर्दी आहे ते मला विचारा.

एका शिल्पकाराचं दुसरीकडे छापलेलं पत्रक पुन्हा छापायला आलं होतं. सगळं ब्राँझचं काम, आणि मजकुरात "कुंचल्याचे सहजसुंदर फटकारे". मी म्हटलं, साहेब, हे काढू या का? म्हणाले, राहू दे, वाचायला बरं वाटतं.

एक तांत्रिक गोष्ट, कारण तुम्ही जुने मजकूर गोळा करायच्या भानगडीत पडणारच. आमच्या जुन्या फायली श्रीलिपी या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत. त्यातला मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकलात तर रोमन अक्षरांची भेळ दिसेल, कारण ती अक्षरं युनिकोड नाहीत, फॉन्टमध्ये इंग्रजीच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले आहेत. आधी कन्व्हर्टर फिरवा, मग र्‍हस्व-दीर्घ आणि रफार डोळ्यांनी तपासा. त्यानंतर प्रोग्रॅम.

तर्कटपंत

शाईवालेकाकांना दंडवत. 'वेगळ्या वाटेवर गर्दी' उचललं आहे, रॉयल्टी मागू नये.

धाग्यात तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होऊ घातलीय, म्हणून थोडी मास्तरकी करतो.

पहिली पद्धत साच्याची, जी कर्वेरोडकरांनी केली आहे. वाक्य पक्कं, जागा रिकाम्या.

दुसरी साखळीची. १९१३ साली आंद्रे मार्कोव्ह या रशियन गणितज्ञाने पुश्किनच्या 'येव्गेनी अनेगिन'मधली २०,००० अक्षरं हाताने मोजून स्वरामागून स्वर येतो किती वेळा आणि व्यंजन किती वेळा याचं कोष्टक मांडलं. कोष्टक आलं की उलटं चालता येतं: आत्ताचा शब्द बघायचा, त्याच्यामागून मूळ मजकुरात काय काय आलंय त्यातला एक उचलायचा, पुन्हा तेच. क्लॉड शॅननने १९४८च्या निबंधात हे संगणकाशिवाय केलं होतं. पुस्तक कुठेही उघडायचं, एक शब्द घ्यायचा. दुसरं पान उघडून तोच शब्द सापडेपर्यंत वाचत जायचं, सापडला की त्याच्या पुढचा शब्द टिपायचा. मग तिसरं पान. पुढच्या पायऱ्या करायला मेहनत अफाट पडेल असं म्हणून त्याने ते तिथेच सोडलं. हा खेळ चार जुनी ब्रोशरं घेऊन कुठल्याही अमृततुल्यात बसून करता येतो, वीज लागत नाही.

मराठीत मात्र साखळी लंगडते. इंग्रजीत एक शब्द एक-दोन रूपांत येतो. आपल्याकडे 'अवकाश, अवकाशाला, अवकाशात, अवकाशातून, अवकाशाचा, अवकाशाची' हे सगळे प्रोग्रॅमच्या लेखी निरनिराळे शब्द. पन्नास ब्रोशरांच्या मजकुरात 'अवकाशातून' एखाद्याच ठिकाणी असणार, मग त्याच्या पुढे जायला रस्ताही एकच, आणि साखळी मूळ वाक्यच्या वाक्य जसंच्या तसं ओकते. मजकूर प्रचंड तरी हवा, नाहीतर प्रत्यय तोडून वेगळे तरी करायला हवेत.

तिसरी पद्धत व्याकरणाची, आणि माझ्या मते खरा चमत्कार इथे आहे. नियम असा लिहायचा की नामाच्या जागी 'नाम + च्या + नाम' येऊ शकतं. त्यातल्या नामाच्या जागी पुन्हा तेच. १९९६ साली ऑस्ट्रेलियात मोनॅश विद्यापीठातल्या अँड्र्यू बुल्हाकने असल्या स्वतःत स्वतः शिरणाऱ्या नियमांवर 'दादा एंजिन' बांधलं, आणि उत्तराधुनिक निबंध पाडणारा जो प्रसिद्ध प्रोग्रॅम आहे तो त्याच्यावर चालतो.

आता मराठीत बघा काय होतं. 'स्मृतीचा पोत, रेषेची स्मृती, अवकाशाचे मौन' यात चा-ची-चे सांभाळावं लागतं. पण पुढे एक विभक्ती लावून दिली की सगळ्याचं 'च्या' होतं: "स्मृतीच्या पोताच्या मौनाच्या अवकाशाच्या तळाशी". लिंग गेलं उडत! रेषा असो, पोत असो, मौन असो, 'च्या' सगळ्यांना चालतं. म्हणजे वाक्य जितकं लांबवाल आणि कर्ता जितका लांब ढकलाल, तितकी चूक होण्याची शक्यता कमी. प्रोग्रॅमला हे सोयीचं. आणि माझा दाट संशय आहे की माणसांनाही हे सोयीचं पडलंय. आपली कलासमीक्षा 'च्या'च्या उतारावर एवढी घरंगळते, त्याचं कारण चिंतन नसून व्याकरण आहे.

मनमौजी

तर्कटपंतांच्या प्रतिसादाच्या शेवटच्या परिच्छेदाच्या पहिल्या ओळीच्या चमत्काराच्या उलगड्याला +१.

कर्वेरोडकर

पंत, करून बघितलं. 'च्या'चा नियम घातला, किती खोल जायचं ते फाशावर सोडलं. फळ:

"विरून जाणाऱ्या काळाच्या पृष्ठभागाच्या स्पंदनाच्या अनाहताच्या देहाच्या उंबरठ्याच्या अलीकडे चित्रकार उभा आहे."

व्याकरणदृष्ट्या नाव ठेवायला जागा नाही. लिंगाचे तक्ते निम्म्याहून जास्त काढून टाकता आले. मित्राला पाठवलं तर विचारतो, "उंबरठ्याच्या अलीकडे की पलीकडे, नक्की कर."

कोथरूड_ते_बर्लिन

हे दुखणं आपल्या एकट्याचं नाही, एवढं सांगायला आलो. २०१२ साली ॲलिक्स रूल आणि डेव्हिड लेव्हिन या दोघांनी 'इंटरनॅशनल आर्ट इंग्लिश' नावाचा निबंध लिहिला. ई-फ्लक्स नावाची एक सेवा जगभरच्या प्रदर्शनांची निवेदनं १९९९ पासून ईमेलने पाठवते. यांनी तो सगळा साठा घेऊन भाषा तपासण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये घातला आणि नेहमीच्या ब्रिटिश इंग्रजीच्या साठ्याशी ताडून पाहिला. विशेषणांची नामं करणं, एकाऐवजी दोन-तीन शब्द जोडीने लावणं, वाक्य क्रियाविशेषणांनी आणि उपवाक्यांनी लांबवणं, सगळं सापडलं. उगम त्यांनी १९७६ साली न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या 'ऑक्टोबर' या नियतकालिकापर्यंत आणि त्यातल्या फ्रेंच विचारवंतांच्या भाषांतरांपर्यंत नेला. फ्रेंचचं इंग्रजी, त्या इंग्रजीची सगळ्या जगभर नक्कल. आपली 'अवकाश-अस्तित्व' कंपनी याच गाडीने आली असावी, मागच्या डब्यातून.

बर्लिनमध्ये मनोगतं जर्मनमध्ये आणि इंग्रजीत अशी दोन्हीकडे चिकटवलेली असतात. दोन्ही वाचूनही चित्र काय आहे ते कळलं नाही असं इथेही होतं.

बोरूबहाद्दर

मागच्या डब्यातून सगळंच आलं असं म्हणू नका. 'लय' घ्या, तो तुमच्या यादीत असणारच. बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्यविचारात हा शब्द काटेकोर अर्थाने वापरला होता. संवादलय, विरोधलय, समतोललय, असे तीन नियम. चित्रातल्या रंगांच्या, आकारांच्या संवेदना एकमेकींशी जुळतात, विरोधात उभ्या राहतात किंवा एकमेकींना तोलून धरतात, आणि कलाकृतीची रचना यातून होते. पटो न पटो, पण या शब्दाला काम होतं. एखाद्या चित्रासमोर उभं राहून "हा तांबडा त्या हिरव्याच्या विरोधात आहे, म्हणून विरोधलय" असं बोट ठेवून सांगता येतं, आणि दुसरा माणूस "नाही, इथे तोल साधलाय" म्हणून भांडू शकतो. आता ब्रोशरात 'लयबद्ध अवकाश' येतं. त्यावर भांडून दाखवा बरं.

यादीत टाकल्याने शब्द मरत नाही. ज्या शब्दावर भांडता येत नाही तो आधीच मेलेला असतो, यादीत त्याचं फक्त नाव राहतं.

दुर्वास

एवढा खटाटोप कशाला? चॅटजीपीटीला सांगा, दोन मिनिटांत मनोगत हातात. लिंग-विभक्तीसकट. बारा शब्दांच्या याद्या करत बसायला हे १९५२ नाही.

तर्कटपंत

दुर्वासमुनी, बरोबर, त्याची वाक्यं जास्त गुळगुळीत येतील. पण ते शिकलंय कशावर? याच असल्या मजकुरांवर. त्याने 'अवकाश' का उचलला हे तुम्हाला उघडून बघता येत नाही. कर्वेरोडकरांच्या प्रोग्रॅमची यादी एका पानावर मावते आणि ती वाचली की आपण किती शब्दांवर दुकान चालवतोय ते दिसतं. मला या पिटुकल्या प्रोग्रॅमचा उपयोग लिहिण्यासाठी वाटतच नाही, तपासण्यासाठी वाटतो.

तपासणी म्हणजे काय त्याचं उदाहरण. २००५ साली एमआयटीतल्या तीन विद्यार्थ्यांनी 'सायजेन' केला. व्याकरणाच्या नियमांवर चालणारा, संगणकशास्त्राचे निरर्थक शोधनिबंध आलेख आणि संदर्भांसकट पाडणारा. त्यातला एक निबंध एका परिषदेने स्वीकारला. विद्यार्थ्यांनी गंमत उघड केली, विषय संपायला हवा होता. पण इतरांनी खरोखरच तो वापरून निबंध पाठवले, आणि २०१४ मध्ये दोन मोठ्या प्रकाशकांना १२०हून अधिक निबंध मागे घ्यावे लागले. ते सिरिल लाबे या फ्रेंच संशोधकाने शोधले, कारण प्रोग्रॅमचा शब्दसंग्रह ठरलेला आणि त्याची ओळख पटवता येते. इतकी वर्षं ते निबंध छापील इतिवृत्तांत बसून होते, वाचक कोणीच नव्हता.

दुर्वास

मान्य. तरी मला घाईत असताना मी दोन मिनिटांतलंच घेणार. रागावू नका.

पेठेतली मावशी

बराच वेळ वाचतेय, आता लिहितेच.

मी प्रदर्शनं बघते. सुदर्शन कलादालन चालत जाण्याच्या अंतरावर, बालगंधर्वला नाटकाच्या आधी अर्धा तास लवकर जायचं ते वरचं प्रदर्शन बघायलाच. मनोगत मी कधी वाचत नाही, खरं सांगते. दाराशी डाव्या हाताला चिकटवलेलं असतं, लोक तिथे उभे राहून पत्रिका चाळतात आणि आत जातात. मला विचाराल तर दोन गोष्टी कळाव्यात: हे कशावर काढलंय आणि मधे खोडून पुन्हा काढलंय का. चित्रकार स्वतः असेल तर मी त्यालाच विचारते. एकदम खुलतात हो! नेणिवेबिणिवेचं नाव काढत नाहीत. "इथे मला जांभळा फार झाला, मग वरून पातळ पिवळा फिरवला" असं सांगतात.

आणि एक निरीक्षण. शनिवारवाडा, विश्रामबागवाडा, ओंकारेश्वराचा घाट असली जलरंगातली चित्रं लावतात ना, त्यांच्या ब्रोशरात कोणी 'अस्तित्वाचा उंबरठा' लिहीत नाही. तिथे असतं "पुण्याच्या वैभवशाली वारशाचा चित्रमय आविष्कार". तो तुमचा दुसरा साचा. कर्वेरोडकर, त्याची यादी वेगळी करा.

कर्वेरोडकर

मावशी, केली. 'वैभवशाली', 'गतवैभव', 'ऐतिहासिक', 'पाऊलखुणा', 'सांस्कृतिक राजधानी', 'पेशवेकालीन', 'जुन्या-जाणत्या', 'नव्या पिढीला'. ही यादी बारापर्यंत जातच नाही, आठांतच भागतं. मग दोन्ही याद्या एकत्र करून एक वाक्य पाडलं:

"पेशवेकालीन नेणिवेच्या पाऊलखुणांतून चित्रकार सांस्कृतिक राजधानीच्या मौनाला स्पर्श करतो."

हे कोणीतरी छापणार, लिहून ठेवा.

शाईवाला

छापलंय बहुतेक.

गेरू

माझं एक म्हणणं. हसून झालं, आता प्रत्येकाने एक वाक्य लिहा जे दुसऱ्या चित्राला लावता येणार नाही. स्वतःच्या किंवा बघितलेल्या चित्राबद्दल. सुरुवात मी करते.

"खालच्या कडेचा करडा रंग मिसळून केलेला नाही, आधीचं अख्खं चित्र चिंधीने पुसल्यावर कॅनव्हासच्या विणीत जे राहिलं, ते तसंच ठेवलंय."

पेठेतली मावशी

आमच्या शेजारचे एक निवृत्त गृहस्थ रविवारी स्केचिंगला जातात, त्यांनी सांगितलेलं लिहिते. "घाटाच्या पायऱ्यांवरचं ऊन रंगवलेलं नाही, तो नुसता कोरा कागद आहे. सावल्या रंगवल्या." मला तेव्हापासून जलरंगाच्या चित्रात आधी कोरा कागद शोधायची सवय लागली.

बोरूबहाद्दर

क्या बात है मावशी. कोरा कागद असा बोट ठेवून दाखवता येतो. आणि "नाही, तिथे पातळ पिवळा आहे" म्हणून भांडताही येतं.

शनिवारवाडा_उत्तरदरवाजा

"तैलरंगात तेल जास्त झाल्याने आणि नेमका पावसाळा असल्याने हा निळा वाळेचना, त्याला चिकटलेला कुत्र्याचा केस वार्निशखाली अजून आहे." (कुत्रा आमचा. चित्र बायकोचं.)

मनमौजी

केसाला स्पर्श करू पाहतो...

तर्कटपंत

आता यावरून प्रोग्रॅम कसा करायचा ते सुचलं. फासे काढून टाका. प्रोग्रॅमने शब्द निवडायचेच नाहीत, प्रश्न विचारायचे. पृष्ठभाग कोणता? आधी काय लावलं? काय पुसलं, काय खरवडलं? रंग कशाने लावला? कुठे थांबलात आणि का? माप किती? उत्तरं आली की साच्यात घालून सरळ वाक्यं करून द्यायची. हवामान खात्याच्या आकड्यांवरून बातमी लिहिणारे प्रोग्रॅम असेच असतात, माहिती माणसाची किंवा यंत्राची, वाक्यरचना साच्याची. विभक्तीचं कर्वेरोडकरांचं सगळं काम इथे उपयोगी पडेल, कारण लोक 'बोर्ड' लिहितील आणि वाक्यात 'बोर्डावर' लागेल.

फक्त याला आता जनरेटर म्हणू नका. हा फॉर्म आहे.

कर्वेरोडकर

फॉर्म तर फॉर्म. करायला एक संध्याकाळ गेली. रकाने अकरा ठेवलेत, कुठलाही रिकामा सोडला तर त्याचं वाक्य गाळलं जातं, भर घातली जात नाही. गेरूताईंनी व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) उत्तरं पाठवली होती, त्यांच्या परवानगीने निकाल देतोय:

"लाकडी बोर्डावर गेसोच्या पांढऱ्या अस्तराचे थर देऊन ते पॉलिश पेपरने घासले आहेत. त्यावर पहिल्यांदा गेरू आणि डिंक लावला. वरचा पांढरा ॲक्रिलिकचा असून तो रबरी स्क्वीजीने ओढला आहे. उजव्या कोपऱ्यात पांढरा ओला असतानाच पाणी शिंपडल्यामुळे गेरू वर आला. चित्र तिथे थांबवले आहे. माप ३६ × ४८ इंच."

गेरू

मी हे वाचलं आणि पहिल्यांदा वाटलं, फार कोरडं आहे. मग लक्षात आलं की उजव्या कोपऱ्यात पाणी शिंपडलं ही चित्रातली मुख्य घटना होती आणि माझ्या आधीच्या मनोगतात ती नव्हतीच. तिथे मी 'मातीशी असलेलं आदिम नातं' लिहिलं होतं. आता एक वाक्य माझ्या हाताने वाढवणार, ते पाणी का शिंपडलं याचं. ते प्रोग्रॅमला विचारता येणार नाही, रकाना ठेवलात तरी.

दुर्वास

मग शेवटी लिहिणार स्वतःच. मी म्हटलं होतं ना, एवढा खटाटोप कशाला.

गेरू

एक वाक्य लिहिणार, मुनी. पानभर लिहायचं होतं ते वाचलं.

कोथरूड_ते_बर्लिन

कर्वेरोडकर, फॉर्मची लिंक द्या. इथल्या एका मैत्रिणीला छापचित्रांसाठी हवाय. 'रंग कशाने लावला' ऐवजी 'पत्रा कशाने कोरला, आम्लात किती वेळ ठेवला' असे रकाने लागतील. एचिंगला कुंचला विचारलात तर शाईवालेकाकांच्या शिल्पकारासारखं होईल.

कर्वेरोडकर

छापचित्राचे रकाने वेगळे करतो, यादी व्यनि करा. शिल्पासाठी कोणी सांगेल का? साचा, ओतीव, पॅटिना (धातूवर चढवलेली रंगछटा) एवढंच मला माहीत आहे.

शाईवाला

शिल्पाचे रकाने मी देतो, एक ओतकाम करणारे ओळखीचे आहेत, त्यांना विचारून. आणि बाहेर पडणारा मजकूर युनिकोडमध्येच ठेवा, पण पीडीएफ नको, साधी टेक्स्ट फाइल पाठवा. ऑपरेटरला त्याच्या फॉन्टमध्ये बसवायची असते. ऐंशी शब्दांच्या वर गेलं तर फोटो लहान करावा लागेल, हे चित्रकारांना आधीच सांगून ठेवा. नंतर भांडायला माझ्याकडे येतात.